शिल्लक कोणाची?

मार्च महिना संपत आला की मंडळीतील निरनिराळ्या संस्थांच्या हिशेबाच्या वह्या बाहेर निघतात. महिला मंडळ, शब्बाथ शाळा, तरुण संघ, वाचनालय, जे काही चालू असेल त्याचा जमाखर्च लिहून काढावा लागतो, आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी वार्षिक सभा भरते. खजिनदार उभे राहून आकडे वाचू लागतात. अर्धी सभा तोवर चहाची वाट पाहत असते. शेवटी कोणी तरी वडील विचारतात, "शिल्लक किती?" खजिनदार आकडा सांगतात. तो गेल्या वर्षापेक्षा मोठा असला म्हणजे सर्व ठीक चालले आहे असे सर्वांस वाटते, टाळ्या पडतात, आणि प्रार्थना होऊन सभा संपते.

आम्ही स्वतः कित्येक वर्षे असा आकडा वाचला आहे व टाळ्याही घेतल्या आहेत. त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे आणि थोडी लाजही आहे. प्रश्न असा की, तरुणांच्या संस्थेची आर्थिक प्रकृती चांगली आहे की नाही हे कशावरून ओळखावे? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे व तो अधिक अवघड आहे. संस्थेचा पैसा संस्थेच्याच चांगल्या कामावर खर्च झाला, कोणी एक पैसाही घरी नेला नाही, तरी त्यात चोरी असू शकते काय?

आमचे गाव बेळगाव भागातले, सीमेवरचे. मंडळी लहान. उपासना मराठीत, शेजार कानडी, आणि मुले आता शिकून पुण्याला किंवा बंगळूरला जातात ती सुट्टीपुरतीच परत येतात. मंडळीच्या आवारात तरुणांची एक नोंदलेली संस्था आहे. एक अभ्यासिका, एक व्हॉलीबॉलचे मैदान, मे महिन्यात मुलांचे शिबिर, आणि गरजू विद्यार्थ्यांना फीसाठी थोडीफार मदत, एवढाच तिचा पसारा. वाचकांपैकी पुष्कळांच्या मंडळीत, मग ती इंदूरची असो, बडोद्याची असो की हैदराबादची, असे काहीतरी असेलच.

२००४ साली आमच्या मंडळीतील एक नर्सबाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. फंडाच्या पैशांतून त्यांनी पन्नास हजार रुपये संस्थेला दिले व एका कागदावर लिहून दिले की ही रक्कम बँकेत कायम ठेवावी आणि तिच्या व्याजातून मंडळीतील मुलींच्या शिक्षणाला मदत करावी. व्याज वर्षाला चार हजारांच्या आसपास येई. पहिली चार वर्षे त्यातून पाच-सहा मुलींची फी व पुस्तके झाली.

२००७ साली आम्ही खजिनदार झालो. पुढच्याच पावसाळ्यात अभ्यासिकेचे छप्पर बसले. वासे कुजले होते, कौले सरकली होती, भिंतीवरून पाणी उतरून पुस्तकांच्या कपाटात शिरत होते. सुताराने व गवंड्याने मिळून चौसष्ट हजारांचा अंदाज दिला. आम्ही घरोघर फिरून चौदा हजार जमविले. पन्नास कमी पडले. आणि बँकेत पन्नास हजारच पडून होते.

त्या रात्रीची कार्यकारिणीची सभा आम्हांस चांगली आठवते. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ते पैसे आपले नाहीत." त्यांना उत्तर मिळाले, "मास्तर, छप्पर काय परक्याच्या डोक्यावर घालतोय? आपल्याच पोरांच्या डोक्यावर आहे ना? त्यात मुलीही बसतातच की." यावर मास्तरांना काही बोलता आले नाही. आम्हांसही ते उत्तर पटले. ठराव झाला की शिक्षण निधीची ठेव मोडून छपराचे काम करावे व ती रक्कम सवडीप्रमाणे परत भरावी. ठराव आमच्याच हस्ताक्षरात आहे. 'सवड' नावाची तारीख कोणत्याही कॅलेंडरात नसते हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

काम चोख झाले. प्रत्येक कौलाची व खिळ्याची पावती आहे. हिशेबतपासनिसांनी सही केली. ताळेबंदाच्या डाव्या बाजूस 'शिक्षण निधी रुपये ५०,०००' असे पूर्वीप्रमाणेच छापले गेले, उजव्या बाजूस 'मुदत ठेव' ही ओळ गेली आणि 'इमारत' या ओळीत तेवढी भर पडली. दोन्ही बाजू जुळल्या. ताळेबंद जुळणे म्हणजे एवढेच की बेरीज चुकलेली नाही. डाव्या बाजूस जे देणे लिहिले आहे ते उजव्या बाजूच्या कोणत्या वस्तूतून द्यावयाचे, हे तो आपण होऊन सांगत नाही. तो प्रश्न वाचणाऱ्याने विचारावयाचा असतो. आमच्या सभेत चार वर्षे तो कोणी विचारला नाही. कौलांनी कोणाची फी भरता येत नाही, हे कळायला काही मोठी विद्या लागत नव्हती.

उलट त्या चार वर्षांत आमच्या टाळ्या वाढल्या. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे, कारण पुष्कळ संस्थांत हीच गोष्ट घडत असावी. आमचे शिबिर मे महिन्यात, पण त्याची फी फेब्रुवारीपासून जमू लागते. आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. म्हणजे ज्या दिवशी शिल्लक मोजावयाची नेमक्या त्या दिवशी पेटी मुलांच्या आईबापांच्या पैशाने भरलेली असते. २०१० सालचा आमचा आकडा पाहा. शिल्लक रुपये ४१,३००. त्यात शिबिराची आगाऊ फी ३०,०००, कारण साठ मुलांचे प्रत्येकी पाचशे. एका सद्गृहस्थांनी मैदानाच्या जाळीसाठी व खांबांसाठी म्हणून दिलेले ६,०००, जे काम अजून व्हावयाचे होते. उरले ५,३००. अभ्यासिकेचे वीजबिल, वर्तमानपत्रे व झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार मिळून महिन्याचा खर्च साडेतीन हजार. म्हणजे जी संस्था एकेचाळीस हजारांची धनीण दिसत होती तिच्यापाशी स्वतःचे असे दीड महिन्याचे अन्न होते. आणि पन्नास हजारांचे देणे होते, ज्याचा आम्ही उच्चारही करीत नव्हतो. तापात माणसाचे गाल लाल दिसतात, तशातली ती तब्येत होती.

तरुणांच्या संस्थेत हा आजार अधिक लवकर मुरतो. तीन-चार वर्षांत कार्यकर्ते बदलतात. कोणाला नोकरी लागते, कोणाचे लग्न होते, कोणी गाव सोडतो. ज्याने शब्द दिला तो निघून जातो, आणि तो पाळण्याची पाळी येते त्याच्यावर, जो शब्द दिला तेव्हा शब्बाथ शाळेच्या पहिल्या वर्गात चित्रे रंगवीत होता. ठराव कागदावर राहतो, पण जुने कागद वाचण्याची हौस तरुणपणी कोणाला असते?

२०१२ च्या जून महिन्यात एक मुलगी आमच्याकडे आली. बारावी झाली होती. नर्सिंगला नंबर लागला होता व पहिल्या हप्त्याला आठ हजार कमी पडत होते. वडील नव्हते, आई शिवणकाम करी. आम्ही विचारले, "तुला कोणी पाठवलं?" ती म्हणाली, "नर्सबाईंनी. त्या म्हणाल्या, संघात माझे पैसे आहेत, जा, देतील."

आम्ही तिला सांगितले की या महिन्यात जरा अडचण आहे, पुढच्या महिन्यात बघू. प्रवेशाची तारीख त्याच महिन्यात होती, हे तिने आम्हांस सांगितले होते.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेस नर्सबाई आल्या. बहुधा त्या येत नसत. शिल्लक वाचून झाली, टाळ्या झाल्या, आणि त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "यंदा कुणाच्या पोरीला दिलं रे?" आम्ही म्हणालो, "बाई, यंदा अर्ज कमी आले." हे वाक्य आम्ही प्रभूच्या मंदिराच्या आवारात, बायबल हातात असताना बोललो. या लेखात ते लिहून काढण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात चोरी कोणती? आमच्या कार्यकारिणीत पुढे या गोष्टीवर वाद झाला तेव्हा एका बंधूंनी दावीदाचा दाखला दिला. दावीद भुकेला असता त्याने याजकाकडून समर्पित भाकरी घेतल्या व आपल्या माणसांना दिल्या (१ शमुवेल २१), आणि स्वतः प्रभूने शब्बाथाविषयी बोलताना तो दाखला दिला, त्यात दोष काढला नाही (मार्क २:२५-२६). मग विशिष्ट कामासाठी राखलेली वस्तू अडचणीच्या वेळी दुसऱ्या चांगल्या कामास वापरली तर काय बिघडले?

हा दाखला हलका नाही. नियमाच्या अक्षरापेक्षा माणसाची भूक मोठी हे त्यातून स्पष्ट होते, आणि निधीच्या शुद्धतेचे स्तोम माजवून दारातल्या उपाशी माणसाला परत धाडणारी संस्था प्रभूला आवडेल असे आम्हांस वाटत नाही. पण कथा पुन्हा वाचावी. दावीदाने अहीमलेख याजकाला विचारले. त्या वेळी तो स्वतःविषयी सगळे खरे बोलला नाही व त्याचे फळ पुढे त्या याजकाच्या घराण्याला भोगावे लागले, ते निराळेच. तरी भाकरी त्याने मागून घेतल्या. शिवाय त्या भाकरी काढून त्यांच्या जागी ऊन भाकरी ठेवण्याची रीत होती, म्हणजे उद्या त्या जागेवर भाकरी नाही असे झाले नाही. आणि सर्वांत मोठा फरक असा की दावीदाने खाल्ले म्हणून दुसरा कोणी उपाशी राहिला नाही.

आमच्या बाबतीत दुसरे कोणी तरी उपाशी राहिले. मात्र सभेत ठराव झाला तेव्हा ती तेथे नव्हती. २००८ साली ती मुलगी आठवीत होती. छप्पर गळत होते ते आम्हां सर्वांना दिसत होते, कानांनी ऐकू येत होते. चार वर्षांनी येणारी मुलगी कोणालाच दिसत नव्हती. राखीव निधी म्हणजे काय, याचा अर्थ आम्हांस येथे उमगला. आम्ही समजत होतो की तो देणाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि देणारी तर घरचीच, समजून घेईल. वास्तविक तो शब्द देणाऱ्याच्या हातून एका तिसऱ्या माणसाला दिलेला असतो, ज्याचे नाव अजून कोणास ठाऊक नाही आणि जो आपली बाजू मांडायला सभेत येऊ शकत नाही. हजर असलेल्यांच्या खऱ्या गरजेसाठी गैरहजर माणसाचे काढून घेणे, याला चोरीखेरीज दुसरे सौम्य नाव आम्ही पुष्कळ शोधले. सापडले नाही.

पवित्र शास्त्रात या विषयावर एक अध्याय आहे. त्यावर आम्ही कधी उपदेश ऐकलेला नाही. २ राजे १२. योवाश राजाने याजकांना सांगितले की मंदिरात येणाऱ्या पैशांतून मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झाली नव्हती. ध्यानात घ्यावे की शास्त्र त्या याजकांना चोर म्हणत नाही. पैसा येत होता, मंदिराच्याच माणसांच्या हाती जात होता, आणि काम होत नव्हते, एवढेच सांगितले आहे. उपाय काय केला? उपदेश केला नाही. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत. तो पैसा सुतार, गवंडी, लाकूड व दगड यांवरच जाई. त्यातून मंदिरासाठी रुप्याची भांडी व कर्णे केले नाहीत. आणि दोषार्पणाचे व पापार्पणाचे पैसे या पेटीत घेतले नाहीत, ते याजकांचे होते. दोन हिशेब एकमेकांत मिसळले नाहीत. मंदिराला रुप्याची भांडी नकोत असे कोण म्हणेल? पण ती दुरुस्तीच्या पैशांतून नव्हेत.

त्याच अध्यायात कामगारांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडून हिशेब मागितला नाही, कारण ते सचोटीने वागत, असे एक वचन आहे. हिशेब तपासण्याची गोष्ट निघाली की ते वचन कोणी ना कोणी काढतोच. ती सवलत काम करवून घेणाऱ्यांना होती, पेटी सांभाळणाऱ्यांना नव्हती. पेटीशी दोन माणसे होती.

पौलानेही यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी वर्गणी जमविली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि कोणी बोट ठेवू नये म्हणून देवासमोर तसेच माणसांसमोरही नीट दिसेल अशी काळजी घेतली (२ करिंथ ८:१९-२१). प्रेषितावर अविश्वास कोण दाखविणार होते? तरी त्याने सोय केली.

आमच्या काही वाचकांना ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र ठाऊक असेल. १८३६ साली त्यांनी भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम उघडला आणि १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, ज्यांत दोन हजार मुलांची सोय होती. त्यांनी कोणाकडे पैसा मागितला नाही व कर्ज काढले नाही, हे उपदेशांतून नेहमी सांगितले जाते. त्यांच्या हिशेबाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आश्रमाच्या सुरुवातीच्या टंचाईच्या वर्षांत एकदा त्यांच्याजवळ मुलांच्या दुसऱ्या दिवसाच्या खर्चाला पैसे नव्हते, आणि त्याच वेळी बँकेत दोनशेंवर पौंड पडलेले होते. ते एका भावाने व बहिणीने देवाच्या दुसऱ्या कामासाठी सोपविलेले होते. त्यांतून लागतील तेवढे घ्या अशी त्या बहिणीने परवानगीही दिली होती. म्यूलर यांनी हात लावला नाही.

येथे आमचे मत थोडे निराळे आहे व ते सांगितले पाहिजे. देणाऱ्याने परवानगी दिली असेल तर रक्कम वळविणे आम्ही पाप मानणार नाही. सर्वांनी म्यूलर व्हावे असा आग्रह धरल्यास छोट्या संस्था बंद पडतील. पण परवानगी आधी घ्यावयाची असते, लेखी घ्यावयाची असते, आणि परत भरण्याची तारीख लिहून घ्यावयाची असते. आम्ही यातले एकही केले नाही, आणि नर्सबाईंचे घर तर चर्चपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे, पंडिता रमाबाईंचे. १८८७ च्या अखेरीस अमेरिकेत बोस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी मंडळ निघाले आणि दहा वर्षे मदत देण्याची वचने मिळाली. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. दहा वर्षे म्हणजे तरुणांच्या संस्थेला युगासारखी वाटतात. रमाबाईंना तशी वाटली नाहीत. दहा वर्षांनंतर काय, या विचाराने त्यांनी मुदत संपण्याच्या आधीच केडगाव येथे जमीन घेतली आणि फळझाडे लावली, अशासाठी की बागेच्या उत्पन्नावर पुढे शाळा चालावी. तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. शारदा सदनाला मिळणारी मदत एका विशिष्ट शाळेसाठी होती, आणि ती शाळा कोणत्याही पंथाची नसावी अशी अट होती. दुष्काळातून आलेल्या मुलींचे 'मुक्ति' हे काम उघड ख्रिस्ती होते. ते शारदा सदनाहून निराळे ठेवले गेले व निराळ्या देणग्यांवर उभे राहिले. दारात उपाशी मुली असताना हा भेद सांभाळणे किती जड गेले असेल! आम्हांस तर एक छप्पर जड गेले.

शिल्लक मुळी ठेवावीच की नाही, असाही प्रश्न काही सात्त्विक मंडळी विचारतात. रानात मान्ना साठवला तर त्यात किडे पडले, हे खरे. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाही देवानेच दिली, आणि योसेफाने सात वर्षे कोठारे भरली तीही देवाच्याच सांगण्याने. आमच्या मते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी स्वतःची शिल्लक असणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. तेवढी आमच्यापाशी असती तर त्या पावसाळ्यात ठेवीकडे नजर गेलीच नसती. त्याहून फार जास्त असेल तर मात्र मुलांचे कोणते काम अडले आहे ते पाहावे.

सरकारही अलीकडे याच बाबतीत कडक झाले आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने धर्मादाय संस्थांच्या कायम निधीची रक्कम ठरवून दिलेल्या मार्गांनीच, त्या निधीसाठी म्हणून निराळी गुंतवून ठेवण्याची अट घातली. आणि त्या निधीतून केलेला खर्च परत भरेपर्यंत करमाफीच्या हिशेबात धरावयाचा नाही असे ठरविले. म्हणजे जी गोष्ट यहोयादाने एका पेटीने केली ती दिल्लीला इतक्या वर्षांनी सुचली. कायद्याच्या भीतीने का होईना, पण ज्या मंडळ्यांच्या संस्था नोंदलेल्या आहेत त्यांच्या खजिनदारांनी हिशेबतपासनिसांना हे एकदा विचारून घ्यावे. आणि नुसते या वर्षाचे पान न पाहता मागच्या दहा वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडावेत. एका वर्षाच्या पानावर काही दिसत नाही. दहा पाने मांडली म्हणजे कोणती ओळ कोठे नाहीशी झाली हे शाळकरी मुलालाही दिसते.

आमची कबुली कशी झाली ते थोडक्यात सांगतो. त्या वार्षिक सभेनंतर दोन महिने आम्हांस प्रभुभोजनाला बसणे अवघड होऊ लागले. शेवटी पाळकसाहेबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "चला, बाईंकडे जाऊन येऊ." चिटणीस, पाळकसाहेब व आम्ही असे तिघे गेलो. बाईंनी चहा केला. आम्ही सगळे सांगितले, "अर्ज कमी आले" हे खोटे होते हेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छपराखाली पोरं बसतात ना? बसू देत. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं रे. पण मग मी त्या पोरीला तुझ्याकडं पाठवलं नसतं. दुसरीकडं कुठं तरी बघितलं असतं."

यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. हिशेब खरा असला तर माणसे त्यावर आपली पावले टाकतात. तो नुसता जुळलेला असला तर त्यांचा पाय कोठे जाईल ते सांगता येत नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ते उघड केले. "जुनं कशाला उकरून काढता?" असे म्हणणारे होतेच, आणि त्यांत आमचे हितचिंतक अधिक होते. किती परत भरावयाचे यावर वाद झाला. लेवीय ६:५ मध्ये मुद्दल व वर पाचवा हिस्सा भरून द्यावा असे आहे, त्याप्रमाणे साठ हजार ठरले. बँकेच्या व्याजाचा हिशेब केला तर पाचवा हिस्सा कमीच पडतो हे आम्हांस ठाऊक आहे. जमवायला २०१३ पासून २०१८ पर्यंत पाच वर्षे लागली. महिला मंडळाने मूठभर धान्याच्या पैशांतून वाटा उचलला, जो त्यांनी उचलण्याचे काही कारण नव्हते. कापणीच्या सणाच्या लिलावात एका भोपळ्याला सातशे रुपये आले. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी गावात राहिलेल्यांनी महिन्याला काही रक्कम दिली, आणि पुण्याला गेलेल्या एकाने तर आपण होऊन विचारून पाठविले. बाई २०१६ साली प्रभूकडे गेल्या. तेव्हा पासबुकात अडतीस हजार भरले होते. आम्ही ते त्यांना दवाखान्यात नेऊन दाखविले होते. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि परत दिले.

ती मुलगी त्या वर्षी नर्सिंगला जाऊ शकली नाही. पुढे तिने दुकानात नोकरी धरून बाहेरून बी. ए. केले, आता तिचे लग्न झाले आहे, आणि तिचा मुलगा आमच्या शब्बाथ शाळेत आहे. आम्ही तिची क्षमा मागितली. तिने केली असे ती म्हणते. तिला नर्स व्हायचे होते.

सध्या संस्थेची खजिनदार बावीस वर्षांची एक मुलगी आहे. आता दोन पासबुके आहेत आणि शिबिराच्या फीची निराळी वही आहे. पेटी उघडताना दोन माणसे लागतात. वार्षिक सभेत ती तीन आकडे वाचते : दुसऱ्यांचे किती, राखलेले किती, आपले किती. गेल्या वर्षी तिने ते वाचले आणि मागच्या बाकावरून एका वडिलांनी विचारले, "अगं, पण एकूण शिल्लक किती?"

तिने ते तीन आकडे पुन्हा वाचून दाखविले.